कपाळावरचं नाक

६ नोव्हेंबर

वही वीतभर अंतरावर धरली की अक्षर स्वच्छ दिसतं. त्यापुढचं सगळं धुक्यात. माझा नंबर उणे सात आहे आणि सध्या मला चष्मा घालायला मनाई आहे. घरात मला नीट दिसणारी एकच वस्तू म्हणजे ही वही, तेव्हा तिच्याकडेच बघत बसायचं ठरवलं आहे.

झालं ते एकदा लिहून टाकतो. नाकाच्या डाव्या उतारावर, चष्म्याची गादी टेकते तिच्या जरा खाली, एक फोड होती. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाला नाकावर काही उठलं की एकच कारण सुचतं. मी गाद्या बदलल्या. आधी सिलिकॉनच्या लावल्या, मग हवा भरलेल्या, मग फ्रेमच बदलली. दुसऱ्यांच्या नाकांवर फ्रेम बसवण्यात माझा हात कुणी धरत नाही, आणि स्वतःच्या नाकावर मी दीड वर्ष गाद्या बदलत बसलो. शेवटी एक गिऱ्हाईक आलं, ते निघालं त्वचेचं डॉक्टर. मी फ्रेम दाखवत होतो आणि तो गृहस्थ आरशाऐवजी माझ्याच नाकाकडे बघत होता. तुकडा काढून तपासला. कॅन्सर. वरून वाटाण्याएवढा, आतून बराच पसरलेला. हा सहसा जीव घेत नाही, म्हणाले, पण बसल्या जागेचं सगळं खातो.

तर डावी नाकपुडी आणि शेंडा काढावा लागला. सर्जनबाईंनी कानातली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, काढून नाकपुडीची कमान केली आणि वरून कातडी घातली ती माझ्याच कपाळाची. ती सबंध कापून आणलेली नाही. भुवईपाशी जोडलेली ठेवून खाली वळवली आहे. बाईंनी सांगितलं, बागेत फांदी वाकवून दुसऱ्या कुंडीत पुरतात ना, तसं. नव्या जागी मूळ धरेपर्यंत जुन्या झाडाकडून पाणी घ्यायचं, मग कापायचं. त्या जोडाला त्या देठ म्हणतात. तीनेक आठवडे माझ्या भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत हा देठ लोंबणार आहे. चष्म्याची कमान बसते नेमका तिथून तो जातो.

बाईंनी निघताना बजावलं ते असं: "काका, देठावर काही म्हणता काही टेकता कामा नये. रक्त त्यातूनच येतं, त्यातूनच परत जातं. तो चिमटला तर नाक मेलं. आणि कपाळावर दुसऱ्या नाकाएवढी चांगली कातडी आता शिल्लक नाही."

मला अजून साठ झालेली नाहीत. काका कशाला म्हणायचं?

सगळे विचारतात, कसं वाटतंय. काही वाटत नाही.

८ नोव्हेंबर

ड्रेसिंग धाकट्याने केलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ, दुकानात माझा भागीदार. हॉस्पिटलात सिस्टरने खरं तर हिला शिकवलं होतं. (लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण बायकोला मी वहीतसुद्धा 'ही'च लिहितो.) ही तेव्हा खिडकीपाशी उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, माझा हात थरथरतो, भावजींना बोलवा. ही आसपासच्या लोकांना केक करून देते, त्यावर क्रीमने मुंगीच्या पायाएवढी नक्षी काढते. थरथरणारा हात मी तरी कधी पाहिला नाही. पण असेल. रक्त कुणाला आवडतं?

एक गंमत झाली. धाकट्याने ओल्या कापसाने नाक पुसलं आणि मी हात वर करून कपाळ खाजवलं. पुन्हा पुसलं, पुन्हा कपाळालाच कळलं. नाकाला स्वतःचं काहीच कळत नाही, जे कळतं ते कपाळावर. शिरेबरोबर मज्जातंतूही खाली वळलाय आणि मेंदूला अजून नवा पत्ता कळवलेला नाही, असं बाईंनी फोनवर सांगितलं. दुकानात सगळे म्हणायचे, हा नाकावर माशी बसू देत नाही. आता बसली तर मी कपाळ झटकत बसणार.

धाकटा हसला. ही स्वयंपाकघरात होती.

९ नोव्हेंबर

ही माझी काळजी मनापासून घेते हे लिहून ठेवलं पाहिजे. झोपेत कोपर लागायला नको म्हणून माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. न्हाणीघरातला आरसा काढून ठेवला, भिंतीला ओल येते म्हणाली. नाही तरी मला त्यात काय दिसणार होतं, एक गुलाबी डाग. खाणंपिणं सगळं वेळच्या वेळी. माझ्याशी बोलताना हाताला काही ना काही काम असतं, कपड्यांच्या घड्या, डबे पुसणं. पूर्वी अशी नव्हती. पूर्वी हातातलं टाकून समोर येऊन बसायची आणि भांडायची.

भांडण बरेच दिवसांत झालेलं नाही. आजाऱ्याला सूट असते बहुतेक.

११ नोव्हेंबर

आक्का येऊन गेली. थोरली बहीण म्हणजे कायमची परीक्षक. चपला काढायच्या आधी म्हणाली, "बघू रे." माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि श्वास लागेल इतक्या जवळून बघितलं.

"अरे, ही तर सोंड आहे," म्हणाली. मग हाताला लागेल ते खात, माझ्या लहानपणीच्या नाकापासून सगळ्या खानदानाच्या नाकांचा हिशेब मांडला. आमच्या आजोबांचं नाक दारातून त्यांच्या आधी आत यायचं. माझं आईवर गेलं होतं, नीट होतं. "आता कुणावर गेलं म्हणायचं?" मी म्हटलं, कपाळावर. ती खदखदून हसली. मीही हसलो असतो, पण टाके ओढले गेले असते.

जाताना दारात ती आणि ही बराच वेळ हळू बोलत होत्या. आक्काचं एकच वाक्य ऐकू आलं, "तू बघितलंस का नीट?" हिने काय उत्तर दिलं ते कळलं नाही.

ती गेल्यावर मला एक गोष्ट लक्षात आली. आक्काचा चेहरा मला दिसला होता. डोळ्यांखालचे तीळसुद्धा. ऑपरेशननंतर हिचा चेहरा मी एकदाही बघितलेला नाही. ही खोलीत असते, आवाज असतो, पदराचा रंग असतो, चेहऱ्याच्या जागी फिकट गोळा असतो.

१२ नोव्हेंबर

नजर तपासायच्या पेटीतली उणे सातची सुटी काच धाकट्याकडून मागवली. हातात धरून डोळ्यासमोर नेली की दिसतं. घड्याळ दिसलं, पंख्यावरची धूळ दिसली. कॉन्टॅक्ट लेन्स धाकट्याने सुचवल्या होत्या, पण माझ्या कोरड्या डोळ्यांना त्या कधी मानवल्या नाहीत आणि भुवई सुजलेली असताना बाईंनी साफ नाही म्हटलं.

ही आली म्हणून काच तिच्याकडे वळवली. मला पाठ दिसली. थोड्या वेळाने पुन्हा वळवली. "काय हे, दुर्बिणीसारखं," म्हणाली आणि उठून गेली. काच उचलायला हात वर जातो तेवढ्यात समोरच्याला कळतं.

मला काय हवंय ते सरळ लिहितो. ही माझ्याकडे बघत असताना हिचा चेहरा कसा होतो, ते मला एकदा नीट बघायचंय. नाक लागेल, न लागेल, बाईंचं काम चोख आहे. पण हे तोंड घेऊन ज्या माणसासमोर उरलेली वर्षं बसायचं, त्या माणसाला ते सोसवतंय का, हे मला कळलं पाहिजे. वाईट असलं तर वाईट. मला त्याचं काही वाटणार नाही, सध्या कशाचंच वाटत नाही, ही त्यातल्या त्यात चांगली वेळ आहे.

१४ नोव्हेंबर

दिवसभर काम केलं, बरं वाटलं. माझी जुनी तारेची फ्रेम कपाटात होती. तिच्या गाद्या काढून टाकल्या, मधली कमान कापली आणि तिच्या जागी जाड तार वर उंच वाकवून बसवली. देठावरून पूल जावा तशी. काड्यांना डोक्यामागून पट्टी बांधली, म्हणजे भार कानांवर आणि पट्टीवर, नाकावर काही नाही. बोट घालून बघितलं, तार आणि देठ यांच्यामध्ये बोट सहज फिरतं. दुकानाच्या इतक्या वर्षांत एवढी डोकेबाज फ्रेम मी केली नव्हती. धाकट्याला सांगितलं नाही. तो बाईंना सांगेल.

उद्या दुपारी. ही चहा घेऊन येते तेव्हा.

१५ नोव्हेंबर, दुपार

बघितलं. चष्मा काढून ठेवला आणि लिहितो आहे.

जेवण झाल्यावर खिडकीपाशी खुर्चीत चष्मा लावून बसलो. डोळे मिटले, म्हणजे हिला शंका नको. तशीच झोप लागून गेली. कपाच्या आवाजाने जाग आली. ही समोर होती आणि मला स्वच्छ दिसत होती. केस किती पांढरे झाले आहेत. कप ठेवताना नजर टेबलावर, मग खिडकीवर, मग माझ्या गुडघ्यांवर. मी श्वास धरून होतो. मग तिला चष्मा लावलेला कळला असावा. तिने वर बघितलं, थेट माझ्या तोंडाकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला, हात तोंडावर गेला. एक पाऊल मागे सरकली आणि आत निघून गेली.

तर असं आहे ते.

दार लोटून घेतलंय. फोनवर कुणाशी तरी बोलते आहे, हळू पण घाईघाईने. आक्काशी किंवा स्वतःच्या बहिणीशी. मला बघवत नाही, असंच काहीतरी. सांगू दे, कुणाला तरी सांगायलाच हवं तिने. मी तिला दोष देत नाही. माझं काही दुखलं नाही हेही नोंदवतो, अगदी काही नाही, चहासुद्धा गार व्हायच्या आत प्यावा म्हणतो. दार

१७ नोव्हेंबर

परवाचं वाक्य अर्धं राहिलं. पुरं करून उपयोग नाही, पुढचंच लिहितो.

दार उघडून ही धावत आली. खांद्यात मान दाबून फोन धरला होता. फोनवर बहीण नव्हती, सर्जनबाई होत्या. माझ्या हातातून वही ओढून घेतली, एका हाताने हनुवटी धरली आणि माझं तोंड उजेडाकडे वळवलं. "वांग्यासारखं झालंय," ती फोनमध्ये सांगत होती. "नाही, वरचा भाग नाही, फक्त नाक. तारेचं काहीतरी घातलं होतं यांनी. हो, काढलंय."

झोपेत मान पडली, पट्टी घसरली, आणि माझा डोकेबाज पूल देठावर बसला. किती वेळ कोण जाणे. नाकाला कळत नाही आणि देठाचं कपाळावर कळलं असेल तर ते मी झोपेत ऐकलं नाही. चष्म्याच्या नादात एकदा नाक गेलं होतं, दुसऱ्यांदा घालवायला चष्मा मीच बांधला.

बाईंनी तिला सांगितलं, बोटाने दाबा, सोडा, पांढरं होऊन रंग किती वेळात परत येतो ते बघून सांगा. हिने दाबलं. मला कपाळावर कळलं. तापात आईने हात ठेवावा तसा तो दाब होता, मऊ आणि कोरडा, आणि तो हिच्या बोटाचा होता. खूप दिवसांत मला कुठे काही कळलं असेल तर ते तेवढंच.

आणि तिचा चेहरा माझ्यापासून वीतभरही लांब नव्हता. पापण्या दिसत होत्या, नाकाच्या शेंड्यावरचा घाम दिसत होता. चष्म्याची गरजच नव्हती. ती एवढी जवळ आली की मला तशीही दिसते, हे मला, चष्म्याच्या दुकानदाराला, आधी सुचायला हवं होतं.

"लगेच परत येतोय रंग," ती म्हणाली, "पण गुलाबी नाही, काळसर येतोय." त्यावर बाई म्हणाल्या, ताबडतोब या.

टॅक्सीत सबंध वेळ ती माझ्या नाकाकडे बघत होती. ड्रायव्हरने आरशातून बघितलं तर त्याला दटावलं, समोर बघून चालवा. बाईंनी एक-दोन टाके काढले, सुईने टोचून काळं रक्त वाहू दिलं. आत यायला वाट होती, बाहेर जायला नव्हती, म्हणून तुंबलं होतं. बरंच वाहिलं. संध्याकाळपर्यंत जांभळ्याचं लाल झालं. नाकपुडीची कड मात्र काळी पडली आहे, ती वाळून पडेल किंवा आणखी काही पडेल, आजच सांगता येत नाही म्हणाल्या. एक रात्र ठेवून घेतलं.

मला बाई जे बोलल्या ते लिहीत नाही. हिला म्हणाल्या, तुम्ही वेळेवर बघितलंत म्हणून उरलं आहे. आणि दर तासाला दाबून रंग बघायला सांगितलं.

यावर ही रडली. सिस्टरने तिला पाणी दिलं. मी बघत होतो, अर्थात धुक्यात.

१८ नोव्हेंबर

दर तासाला येते. खुर्ची ओढते, गुडघ्याला गुडघा लावून बसते, बोट ठेवते, सोडते, ओठांत आकडे मोजते. कडेचा काळेपणा वाढलेला नाही.

सकाळी तिला विचारलं. विचारायचं असं ठरवलं नव्हतं, ती जवळ होती म्हणून विचारून गेलो. इतके दिवस बघत का नव्हतीस?

ती मोजत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, "बघत होते की. तुम्हाला ती फोड आली तेव्हापासून बघत होते. तुम्ही झोपलेले असायचात तेव्हा रोज सकाळी बघायची. वाढतंय हे दिसत होतं मला."

मला आठवलं. तिने डॉक्टरचं काढलं होतं, एकदा नाही, तीन-चारदा. मी म्हणालो होतो, चष्म्याचा वळ आहे, त्यातलं मला कळतं, तू त्यात नाक खुपसू नकोस.

"मग नाही खुपसलं," ती म्हणाली. "राग आला होता. म्हटलं, एवढं कळतंय तर बघून घेऊ देत. पण बघत होतेच. रोज बघून गप्प बसत होते. आणि मग त्या दिवशी हॉस्पिटलात सिस्टरने पट्टी उघडली आणि तिथे काहीच नव्हतं, ही दोरी होती. मला तुमच्या तोंडाची किळस नाही आली. पण तिकडे बघितलं की वाटायचं, हे माझ्या गप्प बसण्याने झालंय."

मला वाटतं यावर नवऱ्याने काही तरी बोलायचं असतं. मी जे एकच खरं माहीत होतं ते सांगितलं. म्हटलं, "तू नाकावर बोट ठेवतेस ना, ते मला कपाळावर कळतं."

"काय?"

"इथे." कपाळाच्या मधोमध दाखवलं.

तिने पुन्हा बोट ठेवलं. मी डोळे मिटून मान हलवली. तिने हलकेच गोल फिरवलं, मी कपाळावर हवेत गोल काढून दाखवला. मग जरा वेळ ती नुसती बोट ठेवून बसली. आकडे मोजत नव्हती.

२१ नोव्हेंबर

कडेची खपली पडली. खाली गुलाबी आहे. नाकपुडीला तांदळाएवढी खाच राहील, तेवढ्यावर सुटलो. धाकट्याने तारेची फ्रेम मागितली, दुकानात टांगून ठेवतो म्हणाला, गिऱ्हाइकांना दाखवायला की आमचे दादा काय काय करतात. हिने ती आधीच कचऱ्यात टाकली होती.

दर तासाचं तपासणं बाईंनी थांबवायला सांगितलंय. सकाळ-संध्याकाळ पुरे. ही मात्र मधूनच येते. आज दुपारी एक केक अर्धा टाकून आली, बोटाला क्रीम होतं, ते पदराला पुसून मग ठेवलं. अंथरूण पुन्हा आतल्या खोलीत गेलं. उशांचा बांध मात्र मध्ये घातलाय.

२६ नोव्हेंबर

तीन दिवसांनी देठ तोडायचा. आज बाईंना भेटून आलो. मुळं धरली आहेत, नाक आता स्वतःच्या रक्तावर जगेल. मी विचारलं, मग कपाळावर कळतं ते?

ते जाईल, म्हणाल्या. मज्जातंतू देठातच आहे. देठ तोडला की नाक बधिर होईल, कपाळाचा वरचा भागही. पुढे हळूहळू आजूबाजूने थोडं फार कळायला लागेल. महिने लागतात. कधी कधी येतच नाही.

मी म्हटलं, आठवडाभर राहू दिलं तर?

"का हो काका? सोंडेची सवय झाली का?"

हसण्यावारी नेलं. ही हसली नाही. खाली मान घालून पिशवीचा बंद गुंडाळत होती. घरी येताना टॅक्सीत तिने दोनदा बोट ठेवलं, रंग बघायचं काही कारण नसताना.

भीती वाटते आहे. लिहून बघितलं, खरंच वाटते आहे. पहिल्या ऑपरेशनला वाटली नव्हती.

२९ नोव्हेंबर

तोडला. तासाभराचं काम. जागा बधिर करायला सुया दिल्या आणि त्या उतरल्यावरही काही परत आलं नाही. भुवईपाशी टाके, नाकावर टाके, मधे मोकळी हवा. इतके दिवस दोन डोळ्यांच्या मधे दिसणारी ती गुलाबी सावली नाही, म्हणून उलट चुकल्यासारखं होतं.

संध्याकाळी ही गुडघ्याला गुडघा लावून बसली. बोट ठेवलं असावं, कारण हात वर गेलेला दिसला.

"कळलं?"

"नाही."

कपाळावर ठेवलं. "इथे?"

"नाही."

"बरं," म्हणाली. पण उठली नाही.

९ डिसेंबर

कळत नाही. रोज विचारते, रोज सांगतो. खोटं सांगावं असं एकदा वाटलं, पण तिला लगेच कळतं.

२२ डिसेंबर

न्हाणीघरात आरसा परत लागला. सुटी काच डोळ्याला लावून पहिल्यांदा नाक नीट बघितलं. जाड आहे, शेंडा बटाट्यासारखा, रंग बाकीच्या तोंडाहून एक छटा उजळ. बाईंच्या मते अजून उतरेल. दुकानात असं नाक आलं असतं तर मी रुंद गाद्यांची हलकी फ्रेम सुचवली असती आणि दुसरा विचार केला नसता.

एक मात्र बाईंनी आधी सांगूनही मी हसण्यावारी नेलं होतं. कपाळाच्या वरच्या टोकाची कातडी नाकाच्या शेंड्याला आली आहे, आणि ती केसांच्या रेषेच्या काठची. नाकाच्या शेंड्यावर केस उगवलेत. चार-पाच, काळे, ताठ. डोक्यावरचे गेले ते गेले, नाकावर मात्र आले. आक्काला फोनवर सांगितलं तर ती हसता हसता खोकायला लागली.

११ जानेवारी

चष्म्याला परवानगी मिळाली, दिवसातून तासभर. धाकट्याने पिसासारखी फ्रेम करून आणली, मला हातही लावू दिला नाही. घातला. खोलीच्या पार त्या टोकापर्यंत सगळं दिसलं. ही दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, काम काही हातात नव्हतं. मी पुष्कळ वेळ बघितलं. हे तर मला हवं होतं. बघून झाल्यावर काय करायचं ते सुचेना, म्हणून घड्याळाकडे बघितलं.

२५ जानेवारी

रविवारी नाकाचे केस काढायचा कार्यक्रम असतो. बाई पुढे कधीतरी लेझरने कायमचे घालवणार आहेत, तोवर हिचा चिमटा. केकवर चांदीचे बारीक मणी लावायचा चिमटा आहे तो.

आज मी खिडकीपाशी चष्मा लावून बसलो होतो. ही खुर्ची ओढून आली, गुडघ्याला गुडघा. मी चष्मा काढून ठेवला.

"राहू द्या की, मला आड नाही येत," ती म्हणाली.

"नको."

ती वाकली. वीतभर, मग त्याहून जवळ. पापण्या आल्या, गालावरचा पिठाचा डाग आला, कपाळावरची आठी आली. हात अजिबात थरथरत नव्हता. एक केस काढला. "लागलं?" नाही म्हटलं. दुसरा काढला. "लागलं?" नाही. मला चिमट्याचं काहीच कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की ही माझ्या तोंडाकडे बघते आहे, एकतीस वर्षांत बघितलं नसेल इतकं बारकाईने, आणि तिचे ओठ केकवर नक्षी काढताना मिटतात तसे मिटलेले आहेत. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. थांबवता येईना, थांबवावंसंही वाटेना. ऑपरेशनपासून पहिल्यांदा.

तिने चिमटा मागे घेतला. पाणी बघितलं.

"लागलं का हो?" इतक्या आशेने विचारलं की तिचा आवाज बदलला.

मी म्हटलं, "हो. लागलं."

"खरंच? कुठे? नाकाला लागलं? बाईंना फोन करते मी, थांबा." ती उठायला लागली.

मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, बस, अजून एक केस राहिलाय. नव्हता राहिलेला. ती पुन्हा वाकून शोधायला लागली.